खालच्या डेकवरून: ‘स्टार ट्रेक’ची विनोदी ॲनिमेशन मालिका कशी घडली

‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या विज्ञानकथांच्या विश्वातली ‘स्टार ट्रेक: लोअर डेक्स’ ही मालिका ६ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेत सीबीएस ऑल ॲक्सेस या स्ट्रीमिंग सेवेवर सुरू झाली आणि पाच हंगाम, ५० भाग करून १९ डिसेंबर २०२४ रोजी संपली. पहिल्या दिवशी जुन्या चाहत्यांची तक्रार एकच होती: आमच्या स्टार ट्रेकची टिंगल कशाला? तक्रारीत तथ्य असते, तर मालिका एका हंगामातच आटोपली असती. ती का टिकली हे कळायला बरेच मागे जावे लागते.

मूळ मालिका १९६६ ते १९६९ या काळात एनबीसीवर चालली. तिचे ७९ भाग झाले. तिच्या गांभीर्याबद्दल आज खूप बोलले जाते, पण २९ डिसेंबर १९६७ ला दाखवलेला ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ हा उघडउघड प्रहसनाचा भाग होता. भराभर वाढणारे केसाळ गोळे जहाजभर पसरतात आणि कप्तान कर्क त्यांच्या ढिगात गळ्यापर्यंत बुडतो. यातली खुबी अशी की कर्क स्वतः विनोद करत नाही. तो आपली जबाबदारी तितक्याच गांभीर्याने पार पाडत असतो, हसू येते ते परिस्थितीचे. पुढे हीच गोष्ट कामी आली.

ॲनिमेशनचा पहिला प्रयोग फिल्मेशन स्टुडिओने केला. १९७३-७४ मध्ये, शनिवारी सकाळच्या मुलांच्या वेळेत, २२ भाग. डी. सी. फोंटाना यांच्याकडे कथांची जबाबदारी होती. मूळचे बहुतेक नट आवाजापुरते परतले. चेकोव्हच्या भूमिकेतले वॉल्टर कोनिग पैशाअभावी गळाले, पण त्यांनी एका भागाची पटकथा लिहिली. निशेल निकोल्स आणि जॉर्ज टाकेई यांनाही वगळायचे घाटत होते. ते नसतील तर मीही नाही, असे लिओनार्ड निमॉय यांनी बजावल्यावर दोघे आत आले. जेम्स डूहान यांनी आपल्या स्कॉटी या पात्राखेरीज कितीतरी परग्रहवासीयांचे आवाज काढले, कारण प्रत्येक पाहुण्या पात्रासाठी नवा नट परवडत नव्हता.

फिल्मेशनचा हिशोब सरळ होता. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवले तरी सेकंदाला १२ चित्रे होतात. म्हणून चालण्याची, वळण्याची, नियंत्रणकक्षात बसण्याची तीच ती चित्रे साठवून पुन्हा वापरायची, चेहरा स्थिर ठेवायचा आणि ओठ तेवढे हलवायचे. परग्रह मात्र हवे तसे रंगवता आले. तीन हात-तीन पायांचा एरेक्स किंवा मांजरीसारखी म’रेस ही अधिकारी मंडळी त्या काळच्या रंगभूषेने चित्रीकरणात उभी करणे फार अवघड होते. मालिकेला १९७५ मध्ये डेटाइम एमी हा टीव्ही पुरस्कार मिळाला. कर्कच्या नावातले ‘टायबेरियस’ पहिल्यांदा ऐकू आले तेही इथेच, १९७४ च्या ‘बेम’ या भागात. पण दगडी चेहऱ्यांवर विनोद उभा राहत नाही. वाक्य संपल्यावर समोरच्याच्या भुवया किती उशिराने वर जातात, यावर हसू ठरते, आणि फिल्मेशनच्या पद्धतीत त्या भुवयांसाठी वेगळी चित्रे नव्हती.

विनोदी मालिकेचे बीज पडले एका अजिबात विनोदी नसलेल्या भागातून. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेचा ‘लोअर डेक्स’ हा भाग फेब्रुवारी १९९४ मध्ये, सातव्या हंगामात आला. वरिष्ठांची खलबते बंद दाराआड चालतात आणि खालच्या हुद्द्यावरच्या तरुणांना अर्धवट माहितीवर तर्क लढवावे लागतात, अशी त्याची रचना. शेवटी सीटो जॅक्सा ही एन्साइन (सर्वांत कनिष्ठ अधिकारी) गुप्त मोहिमेवरून परतत नाही.

‘लोअर डेक्स’ मालिकेचे निर्माते माइक मॅकमहान यांनी २०११ मध्ये ट्विटरवर एक खाते उघडले आणि ‘द नेक्स्ट जनरेशन’च्या कधीच न बनलेल्या आठव्या हंगामाची कथानके लिहायला लागले. १४० अक्षरांत एक मुख्य कथानक, एक दुय्यम. त्यावरून २०१५ मध्ये पुस्तकही निघाले. हा सराव भलताच उपयोगी ठरला. ‘द नेक्स्ट जनरेशन’मध्ये दुय्यम कथानक तोंडी लावण्यापुरते असते. मॅकमहान यांनी क्रम उलटवला. विश्व वाचवण्याची धावपळ मागे चालू आणि कॅमेरा मात्र ती निस्तरणाऱ्या चौघा एन्साइनवर. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘लोअर डेक्स’ मालिकेची घोषणा झाली तेव्हाच दोन हंगामांची मागणी नोंदवलेली होती. ॲनिमेशनच्या लांबलचक वेळापत्रकात याचे मोल मोठे असते.

पुढचे निर्णय नेमके होते. काळ २३८० चा, म्हणजे ‘नेमेसिस’ या चित्रपटानंतर एका वर्षाचा, जेणेकरून गणवेश, पडदे, शीर्षकांची अक्षरे सगळे ओळखीच्या घाटाचे राहील. जहाज सेरिटोस, कॅलिफोर्निया वर्गातले. या वर्गातल्या जहाजांना कॅलिफोर्नियातल्या गावांची नावे आहेत. काम ‘सेकंड काँटॅक्ट’चे: नव्या संस्कृतीला पहिल्यांदा भेटण्याचा मान दुसऱ्याच जहाजाचा, मागाहून जाऊन कागदपत्रे पुरी करायची ती सेरिटोसने. स्टारफ्लीट या अंतराळ-आरमाराचे नियम, तंत्रज्ञान, भूतकाळ यांना मात्र कुणी हात लावला नाही. चौघांपैकी मरिनर नियम मोडते, बॉइमलर नियम पाठ करतो, पण नियम खोटे आहेत असे मालिका एकदाही म्हणत नाही. हसायचे ते माणसांना. शिव्या येतात, पण त्यांवर ‘बीप’ पडते, आणि अनेकदा ती शिवीपेक्षा गमतीची ठरते.

निर्मिती टिटमाउस स्टुडिओची. अशा मालिकांचा रस्ता साधारण ठरलेला असतो: पटकथा, ध्वनिमुद्रण, स्टोरीबोर्ड, मग कच्ची चित्रे आवाजावर बसवलेला ॲनिमॅटिक, त्यानंतर पात्रे-पार्श्वभूमीचे आराखडे, प्रत्यक्ष ॲनिमेशन, रंग, संगीत, दुरुस्त्या. २५ मिनिटांच्या भागात ३६,००० फ्रेम असतात. दोन फ्रेमला एक चित्र धरले तरी १८,०००. म्हणून विनोदाची कापाकापी ॲनिमॅटिकवरच उरकावी लागते. तिथे एखादी जागा आठ फ्रेमने आखडली तर खर्च जवळपास शून्य. रंगीत दृश्य हातात आल्यावर तीच जागा फसली, तर चित्रे नव्याने काढा किंवा पाठमोऱ्या पात्राच्या तोंडी दुसरे वाक्य घाला. (पाठमोरी पात्रे एकाएकी फार बोलू लागली की समजावे, शेवटच्या क्षणी काहीतरी बदललेले आहे.) नट बऱ्याचदा वेगवेगळ्या दिवशी बोलतात, त्यामुळे दोघांमधली टाळी संकलकालाच जुळवावी लागते. आणखी एक सापळा गर्दीचा. परग्रहवासी काढायला माणसाइतकाच खर्च येतो, पण चाळीस जण एकाच वेळी हलवायचे म्हटले की अंदाजपत्रक कोलमडते.

वेळ चुकली की काय होते, हे ‘स्टार वॉर्स: डिटूर्स’ने दाखवले. सेथ ग्रीन आणि मॅथ्यू सेनराइख यांच्यासोबत लुकासफिल्मने केलेल्या या विनोदी मालिकेचे ३९ भाग पुरे झाले होते. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली, नवे चित्रपट ठरले, आणि नव्या पिढीला या विश्वाची पहिली ओळख विडंबनातून नको म्हणून सगळे भाग बासनात गेले. मूळ गोष्ट ठाऊक नसेल तर विडंबन कळत नाही, ही अडचण खरीच आहे. ‘लोअर डेक्स’नेही सुरुवातीला ती पुरती सोडवली नव्हती. पहिल्या हंगामात संदर्भांची इतकी भाऊगर्दी आहे की नवखा प्रेक्षक दमतो.

दुसऱ्या हंगामात हात बसला. ऑक्टोबर २०२१ चा ‘वेज दुज’ हा भाग (क्लिंगॉन भाषेत ‘तीन जहाजे’) क्लिंगॉन आणि व्हल्कन या परग्रहवासीयांच्या जहाजांच्याही तळमजल्यावर उतरतो आणि तिथेही त्याच कुरबुरी सापडतात. त्याला ह्यूगो या विज्ञानकथांच्या पुरस्काराचे नामांकन मिळाले. जुन्या मालिकांचे नटही येत राहिले. आवाजाला रंगभूषा लागत नाही आणि चित्रातला माणूस २३८० मध्ये जेवढ्या वयाचा हवा तेवढाच दिसतो.

चौथ्या हंगामाच्या शेवटी, २०२३ मध्ये, मरिनर बढती का टाळत आली याचा उलगडा होतो: सीटो जॅक्सा तिची मैत्रीण होती. सीटोची जुनी आठवण दाखवताना आवाज दिला शॅनन फिल यांनी, १९९४ मध्ये ती भूमिका केलेल्याच अभिनेत्रीने.