जॉर्जियात धनुष्यबाणाने बीव्हरची शिकार: पात्रता, परवाना, कागदपत्रे आणि खबरदारी

बीव्हर हा झाडे कुरतडून पाण्यात बांध घालणारा, चपट्या शेपटीचा प्राणी. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांच्या नियमांत तो 'फरबेअरर' गटात मोडतो, म्हणजे कातड्यासाठी धरला जाणारा प्राणी. पहिली चूक इथेच होते. हरणाला धनुष्य चालते, मग बीव्हरला का नाही, असे लोक गृहीत धरतात. न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात मात्र शिकारी परवान्यावर बीव्हरवर बाण सोडता येत नाही; तिथे तो सापळ्यानेच धरायचा. दक्षिणेकडे चित्र वेगळे आहे. जॉर्जियात बीव्हरला बंद हंगाम नाही. अटलांटाच्या उपनगरांत तळ्याकाठी घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना हा प्राणी चांगलाच ठाऊक असतो: रात्रीत झाड आडवे आणि पाण्याची वाट बंद. म्हणून खालची माहिती जॉर्जियातल्या खाजगी जमिनीपुरती आहे. सरकारी वनक्षेत्रांचे नियम निराळे असतात.

परवाना मिळायला अमेरिकेचे नागरिकत्व लागत नाही. एच-1बी किंवा एफ-1 व्हिसावरचा माणूसही शिकारीचा परवाना काढू शकतो. बंदुकीबाबत अशा व्हिसाधारकांवर संघराज्याच्या कायद्याची बंदी आहे, आणि चालू शिकारी परवाना हा तिला असलेला एक अपवाद. धनुष्य मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही, त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. 'रहिवासी' दराने शुल्क भरण्यासाठी अर्जाच्या आधी किमान 3 महिने जॉर्जियात वास्तव्य हवे. नाहीतर परराज्याचा दर लागतो आणि तो कितीतरी पटींनी जास्त आहे. नुकतेच टेक्सासहून आलात आणि 'रहिवासी' वर खूण केलीत, तर ते खोटे निवेदन ठरते. व्हिसावर असणाऱ्याने ही जोखीम अजिबात घेऊ नये.

1 जानेवारी 1961 रोजी किंवा त्यानंतर जन्म झाला असेल तर 'हंटर एज्युकेशन' प्रमाणपत्र लागते. कोर्स ऑनलाइन करता येतो. दुसऱ्या राज्यात पूर्वी केलेला असेल तर तेही प्रमाणपत्र चालते, पुन्हा बसायची गरज नाही.

अर्ज राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या 'गो आउटडोअर्स जॉर्जिया' या पोर्टलवर करायचा. हाताशी ठेवायचे ते एवढेच: ड्रायव्हिंग लायसन्स किंवा दुसरे ओळखपत्र, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक. हा क्रमांक शिकारीच्या अर्जात का, असे अनेकजण विचारतात. मुलांचा पोटगीखर्च थकवणाऱ्यांना शोधण्यासाठी संघराज्याच्या कायद्यानेच तो करमणुकीच्या परवान्यांवर सक्तीचा केला आहे. कामाची परवानगी नसलेल्या एच-4 (जोडीदाराच्या) व्हिसाधारकाला किंवा नोकरी न केलेल्या एफ-1 विद्यार्थ्याला तो मिळालेलाच नसतो. अशा वेळी ती जागा मनाने भरू नका, नवरा-बायकोचा क्रमांक तर मुळीच टाकू नका. परवाना विभागाला फोन करून तसे सांगा आणि अर्ज त्यांच्याकडून पुढे न्या. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. मधले नाव म्हणून वडिलांचे नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ, आणि प्रमाणपत्र जुळत नाही ते त्यामुळेच.

आता परवानगीचा कागद, आणि खरी अडचण इथे आहे. घरामागचे तळे तुमचे नसते. बहुतेक वसाहतींत ते होमओनर्स असोसिएशनच्या, म्हणजे घरमालकांच्या संस्थेच्या, मालकीचे असते, कधी दोन वसाहतींत वाटलेले. परवाना असूनही जमीनमालकाच्या संमतीशिवाय शिकार हा गुन्हाच. संमती लेखी घ्या: मालकाचे नाव व सही, जागेचा पत्ता, प्राणी, साधन आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. 'शेजाऱ्याने हो म्हटले' याला अर्थ नाही. असोसिएशनच्या मंडळाची सही हवी. त्याआधी शहराचा किंवा काउंटीचा नियम पाहा, कारण पुष्कळ शहरांच्या हद्दीत बाण सोडण्यावर स्वतंत्र बंधने आहेत. घरे दाटीने असतील तर सरळ परवानाधारक सापळेवाल्याला बोलवावे, हे आमचे स्पष्ट मत. बीव्हरने घातलेला बांध स्वतः फोडायला जाऊ नका. खालच्या अंगाला पूर आला तर जबाबदारी तुमची, आणि पाणथळ जागेला संघराज्याचा जलकायदा लागू होऊ शकतो.

बीव्हर संध्याकाळनंतर बाहेर पडतो, म्हणून मोह रात्रीचा होतो. दिवा लावून शिकार करण्याचे नियम वेगळे आहेत, तेव्हा पहाट आणि सायंकाळचा उजेड एवढाच वेळ धरा. अंधुक प्रकाशात पाणमांजर, मस्करॅट (पाण्यात राहणारा उंदरासारखा प्राणी) आणि बीव्हर यांत गल्लत होते. पाणमांजराला स्वतंत्र हंगाम आहे, आणि आंतरराष्ट्रीय करारामुळे त्याच्या कातड्याच्या निर्यातीला टॅग लागतो. चपटी रुंद शेपटी दिसल्याशिवाय प्रत्यंचा ओढूच नका.

पोहणाऱ्या बीव्हरचे डोके तेवढे वर असते, म्हणजे लक्ष्य फार लहान. जखमी झाला की तो बुडी मारतो, 15 मिनिटांपर्यंत खाली राहू शकतो, आणि मेलेला पुष्कळदा तळाशी जातो. म्हणून काठावर आलेल्या प्राण्यावर, 10 ते 15 मीटरच्या आतून आणि दोरी बांधलेल्या मासेमारीच्या बाणाने नेम धरतात. त्या दोरीत धोका आहे. ती धनुष्यात किंवा रिळात अडकली की बाण उलटा नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. दोरी बाणाच्या मागच्या भोकात थेट न बांधता सरकत्या कडीला, म्हणजे 'सेफ्टी स्लाइड'ला बांधा, आणि बाण चढवल्यावर कडी प्रत्यंचेच्या पुढेच आहे हे दर वेळी पाहा. उथळ कोनात सोडलेला बाण पाण्यावरून उसळून पलीकडच्या काठावर जातो. त्या काठावर पायवाट असेल तर तो नेम सोडून द्या. कार्बनचा बाण वाकवून चीर तपासल्याशिवाय लावू नका, फुटला तर तुकडे हातात घुसतात. बाणाशिवाय प्रत्यंचा ओढून सोडू नका. बोटीत असाल तर लाइफ जॅकेट अंगावरच हवे, आसनाखाली नको.

कातडे विकायचे असेल तर साधा शिकारी परवाना पुरत नाही. बेकायदा मारलेला प्राणी राज्याबाहेर नेला तर 1900 सालचा लेसी कायदा लागतो आणि प्रकरण संघराज्याचे होते. एका राज्याने परवाना निलंबित केला तर आपसातल्या करारामुळे बहुतेक राज्यांत तो बंद पडतो.

इथे जमलेला हात सुट्टीत गावच्या शेतात रानडुकरावर चालवायचा विचार मनात आणू नका. भारताच्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात 'शस्त्र' या शब्दात धनुष्यबाण येतो, आणि अमेरिकेतला परवाना तिथे कागदाचा तुकडा आहे.

सोलताना रबरी हातमोजे घाला, कारण बीव्हरपासून ट्युलॅरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. मांस खायचे तर आतून 74 अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा, आणि तळ्याचे पाणी गाळूनही पिऊ नका, त्यात पोट बिघडवणारा जिआर्डिया हा परजीवी असू शकतो. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला किंवा बोटावरच्या जखमेजवळ गाठ आली, तर डॉक्टरांना 'बीव्हर सोलला होता' हे पहिल्या वाक्यात सांगा.