लंडन ते सिडनी : थांबे गळत गेले तसा वेळ घटला

लंडन आणि सिडनी यांच्यातील पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले कमीत कमी अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हिशेब केला तर १९ तास पुरावेत. प्रत्यक्षात नेहमीच्या प्रवासाला आजही २२ ते २४ तास लागतात. ही तफावत मुख्यतः वाटेतील थांब्याची आहे आणि या मार्गाचा इतिहासही बराचसा थांब्यांचाच आहे.

१९१९ मध्ये रॉस आणि कीथ स्मिथ हे बंधू दोन मेकॅनिकांसह १२ नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्सलोहून विमानाने निघाले आणि १० डिसेंबरला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील डार्विनला उतरले. ३० दिवसांच्या आत पोहोचणाऱ्यास १०,००० पौंडांचे बक्षीस होते. १९३५ मध्ये लंडन-ब्रिस्बेन प्रवासी सेवा सुरू झाली, तेव्हा साडेबारा दिवस लागत आणि त्यातही पॅरिस ते इटलीतील ब्रिंडिसी हा टप्पा रेल्वेने करावा लागे. १९३८ मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या ‘फ्लाइंग बोट’ आल्या आणि साउदॅम्प्टन-सिडनी प्रवास दहा दिवसांच्या आसपास आला. कराची ते कलकत्ता या पट्ट्यात ही विमाने राजसमंदच्या तलावावर आणि ग्वाल्हेरजवळच्या जलाशयावरही उतरत. रात्री प्रवासी हॉटेलात झोपत. दहा दिवसांचा बराच भाग असा जमिनीवरच जाई.

थांबे टाळायचे तर इंधन जास्त घ्यावे लागते आणि इंधन वाढवले की माणसे व माल कमी करावा लागतो. महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, पर्थ ते सिलोनमधील कोग्गला असे विनाथांबा उडणारे कॅटॅलिना विमान याचे टोकाचे उदाहरण ठरावे : ते जवळपास ३० तास हवेत राही, पण त्यात प्रवासी जेमतेम तीन बसत.

डिसेंबर १९४७ मध्ये कॉन्स्टेलेशन विमानाने सिडनीहून लंडनची नियमित सेवा सुरू झाली. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि त्रिपोली असे सहा थांबे घेत चार दिवस लागत. त्यांपैकी प्रत्यक्ष उड्डाण सुमारे ५५ तासांचे होते. १९५९ मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आले. खरी वेगवाढ इथेच संपली, कारण त्यानंतर प्रवासी जेटचा वेग फारसा बदललेला नाही. ध्वनीहून जलद उडणारे कॉन्कॉर्ड वेगवान होते, हे खरे. पण एका दमात ते सुमारे ७,००० किलोमीटरच जाई, म्हणजे या मार्गावर पुन्हा थांबे आलेच.

ऑगस्ट १९८९ मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचे नवे बोइंग ७४७-४०० लंडनहून सिडनीला विनाथांबा पोहोचले. तिकीट काढलेला एकही प्रवासी नव्हता आणि टाक्यांत खास दाट इंधन भरलेले होते. वेळ लागला २० तास ९ मिनिटे. नोव्हेंबर २०१९ मध्ये बोइंग ७८७ ने हेच अंतर प्रायोगिक उड्डाणात १९ तास १९ मिनिटांत कापले. तीस वर्षांत वाचली ती ५० मिनिटे, आणि तीही सर्वस्वी विमानाची कमाई म्हणता येत नाही, कारण इतक्या लांब पल्ल्यात वाऱ्याची दिशाच अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे करू शकते.

भरलेल्या विमानाची विनाथांबा नियमित सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली. मात्र ती पर्थ ते लंडन, सुमारे १४,५०० किलोमीटरची आणि साधारण १७ तासांची. परतीला वेळ थोडा कमी लागतो, कारण उंचावरील पश्चिमेचे वारे पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाच्या पाठीशी असतात. सिडनीच्या थेट सेवेसाठी क्वांटासने २०२२ मध्ये जादा इंधनटाकीची १२ एअरबस ए३५०-१००० विमाने मागवली. त्यांत आसने मुद्दाम नेहमीपेक्षा कमी ठेवलेली आहेत.