ग्रीक चेहरा, लोखंडी हाडं

पावसाळा आला की फोनवर एक निरोप फिरू लागतो: पूर्वीच्या इमारती नुसत्या दगडाच्या होत्या म्हणून टिकल्या, आमच्या स्लॅबना मात्र वीस वर्षांत तडे. सोबत खांबांच्या रांगेचा एखादा फोटो. ज्या पडल्या त्यांचे फोटो कोण काढणार, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पण ‘नुसत्या दगडाच्या’ हेही दरवेळी खरं नसतं. पॅरिसचं पँथेऑन घ्या, चर्च म्हणून बांधायला घेतलेली अठराव्या शतकातली इमारत.

हर्क्युलेनियम (१७३८) आणि पॉम्पेई (१७४८) या गाडल्या गेलेल्या रोमन शहरांचं उत्खनन सुरू झालं आणि युरोपात ग्रीक-रोमन वळणाची ओढ वाढली. हीच नवअभिजात शैली. दरबारी वेलबुट्टी मागे पडली, सरळ रेषा पुढे आल्या. दाविदच्या ‘होरेशियस बंधूंची शपथ’ (१७८४) या चित्रात तीन साध्या कमानी आणि ताठ उभी माणसं, बाकी पसारा नाही. कानोव्हाच्या संगमरवरी मूर्ती शांत, गुळगुळीत. पण त्याआधी मातीचा जो नमुना घडे, तो लोखंडी सांगाड्यावर उभा असे. मुंबईकरांना ही शैली एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमुळे (१८३३) ओळखीची आहे: रुंद पायऱ्या, वर डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीचे खांब.

पँथेऑनसाठी सुफ्लो या वास्तुविशारदाला ग्रीक देवळासारखा दर्शनी भाग हवा होता: खांबांवर आडव्या सपाट तुळया. आता दगड दाबाला पक्का, ताणाला कच्चा. तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि तडा खालून जातो. म्हणून ग्रीकांनी खांब जवळजवळ ठेवले. सुफ्लोला अंतर मोठं हवं होतं आणि हाताशी होते लहान दगड. त्याने ते एकमेकांत अडकवून सपाट कमान रचली आणि आतून लोखंडी कांबी व आकडे ओवले. बाहेरून ग्रीस, आतून जवळपास आजचं आरसीसी. सुफ्लो १७८० मध्ये वारला. काम रोंदले या वास्तुविशारदाने १७९० मध्ये पुरं केलं.

आणि इथेच रसायनशास्त्र शिरतं. दगड जोडायला वापरलेला ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, पीएच साधारण १२.५. एवढ्या अल्कात लोखंडावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा धरतो आणि गंज थांबतो. पण चुना घट्ट होतो तोच हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून, आणि तसं होताना त्याचं कॅल्शियम कार्बोनेट बनतं. पीएच ९ च्या आसपास उतरला की पापुद्रा तुटतो. म्हणजे चुन्याला बळकटी देणारी क्रियाच लोखंडाचं कवच काढून घेते! पुढे पाणी झिरपलं की लोखंडाच्या एका भागातून इलेक्ट्रॉन सुटतात, दुसऱ्या भागावर ते ऑक्सिजन आणि पाणी उचलतात, हायड्रॉक्साइड तयार होतं, त्याचा गंज. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. पाथरवट दगडात कोरडी लाकडी पाचर ठोकून ती भिजवतो, तसाच हा प्रकार. फक्त सावकाश, आणि कुणी न ठोकता. फुगणारा गंज दगडाला आतून ताणतो, आणि ताण तर दगडाला सोसत नाही. १९८५ साली पँथेऑनच्या छतातून दगडाचे तुकडे पडले, मधला भाग लोकांसाठी बंद करावा लागला. किनाऱ्यावरच्या इमारतींत प्लास्टर फुगून सळ्या उघड्या पडतात तेव्हा हेच घडत असतं. तिथे खाऱ्या हवेतलं क्लोराइड तो पापुद्रा आणखी लवकर फोडतं.

मग ग्रीकांनी लोखंड टाळलं होतं का? मुळीच नाही. अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळाचे दगड लोखंडी आकड्यांनीच जोडलेले आहेत. पण आकड्याभोवती त्यांनी वितळलेलं शिसं ओतलं: पाणी आत जात नाही, आणि शिसं मऊ असल्याने थोडी हालचालही सोसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस या अभियंत्याने डागडुजी करताना शिशाशिवाय लोखंड घातलं, आणि काही दशकांतच संगमरवर तडकू लागला. ते लोखंड काढून तिथे आता टायटॅनियम बसवलं जातं. त्याचा ऑक्साइडचा पापुद्रा अल्क असो वा नसो टिकतो, आणि उन्हाने त्याचं प्रसरण संगमरवराच्या जवळपासच असतं.