अतिचार

अतिचार (अतीचार, प्राकृत अइयार) : जैन आचारशास्त्रात घेतलेल्या व्रताला लागणारा लहान दोष. ‘अति’ हा उपसर्ग आणि ‘चर्’ हा धातू मिळून ‘मर्यादेपलीकडे जाणे’ हा मूळ अर्थ. ग्रह नेहमीपेक्षा वेगाने पुढच्या राशीत गेला, तर ज्योतिषातही त्याला अतिचारच म्हणतात.

व्रताची जाण शाबूत असून त्याचा एखादा अंश सुटला, तर तो अतिचार. व्रत जाणूनबुजून मोडले, तर अनाचार. दिगंबर आचार्य अमितगती यांच्या सामायिकपाठ या स्तोत्रात चार पायऱ्या येतात : मनाची शुद्धी ढळणे हा अतिक्रम, शीलाचे कुंपण ओलांडणे हा व्यतिक्रम, विषयांत वावरणे हा अतिचार आणि त्यांत पुरते गुंतणे हा अनाचार.

तत्त्वार्थसूत्र या जैन सूत्रग्रंथाच्या सातव्या अध्यायात सम्यग्दर्शनाचे (खऱ्या श्रद्धेचे) 5, श्रावकाच्या म्हणजे जैन गृहस्थाच्या 12 व्रतांचे प्रत्येकी 5 आणि सल्लेखनेचे (अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रताचे) 5, असे 70 अतिचार सांगितले आहेत. श्वेतांबर प्रतिक्रमणात, म्हणजे दोष आठवून पश्चात्ताप करण्याच्या विधीत, पंचाचाराचे (ज्ञान, दर्शन, चारित्र, तप आणि वीर्य या पाच आचारांचे) 39 आणि कर्मादानाचे (हिंसेमुळे वर्ज्य धंद्यांचे) 15 धरून ही संख्या 124 होते.

यादी कमालीची व्यवहारी आहे. अहिंसाणुव्रतात, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसेच्या व्रतात, जनावराला करकचून बांधणे, मारणे, अवयव छेदणे, झेपणार नाही इतके ओझे लादणे आणि दाणापाणी तोडणे हे पाच दोष. जीव घेतलेला नसतो, म्हणून व्रत वरवर टिकलेले दिसते. दया मात्र सुटलेली असते. अचौर्यव्रतातले दोष तर थेट दुकानातले : घेताना जड आणि देताना हलके माप वापरणे, अस्सल मालात नकली मिसळणे, चोरीचा माल घेणे.

दिग्व्रतातला, म्हणजे प्रत्येक दिशेला किती दूर जायचे याची मर्यादा घालणाऱ्या व्रतातला, ‘क्षेत्रवृद्धी’ हा दोष खास हिशेबी डोक्याचा. चारही दिशांना 100 कोसांची मर्यादा घेतलेला माणूस पूर्वेचे 20 कोस कमी करून पश्चिमेला 120 कोस जातो. बेरीज जुळते, पण नेम दिशावार घेतलेला असल्याने दोष लागतोच. मर्यादा किती ठरवली होती हेच विसरणे, म्हणजे ‘स्मृत्यंतराधान’, हाही त्याच व्रताचा अतिचार.

शुद्धीसाठी प्रतिक्रमण करतात. श्वेतांबर परंपरेत त्याचे रात्रीचे, दिवसाचे, पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असे पाच प्रकार आहेत. अतिचार एकेक आठवून ‘मिच्छा मि दुक्कडं’, म्हणजे ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’, असे म्हणायचे असते. सगळे एका दमात उरकले, तर नेमका कोणता दोष घडला हे तपासायचे राहूनच जाते.