पाणलोटाचे काम गावाचे कसे झाले

एखाद्या गावात आज पाणलोटाचे, म्हणजे ज्या क्षेत्रातले पावसाचे पाणी एकाच नाल्याला मिळते तिथे माती-पाणी अडवण्याचे, काम निघाले की त्यात किती जण हात घालतात पाहा. ग्रामपंचायत असते, महिला बचत गट असतो, तालुक्यातली एखादी संस्था, कृषी विभाग, यंत्रे पुरवणारे दाते, सुट्टीच्या दिवशी श्रमदानाला येणारी शहरातली मंडळी. कामाआधी ग्रामसभा होते, शिवारफेरी निघते, शाळेची मुले प्रभातफेरी काढतात. हे आता इतके अंगवळणी पडले आहे की पहिल्यापासून असेच चालत आले असावे असे वाटते. पण महाराष्ट्रात माती-पाणी अडवण्याचे काम बराच काळ सरकारी खात्याचे होते. गावकरी त्यात असायचा तो मजूर म्हणून, फार तर लाभार्थी म्हणून.

कल्पना मात्र जुनी आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारला सुचवले होते की, लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतांतून मुरत मुरत मग ओढ्या-नद्यांना मिळेल. पाणी अडवायचे कशाला, तर मुरवायला, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

पुढे मुंबई इलाख्यात १९४२ चा जमीन सुधारणा योजना कायदा झाला आणि त्याखाली दख्खनच्या कोरडवाहू जमिनीवर समपातळी बांध पडू लागले. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते, पण ते उताराला आडव्या, सारख्या उंचीच्या रेषेने जात, शेताच्या धुऱ्याने नाही. एकाच्या रानातून तिरका निघालेला बांध दुसऱ्याच्या रानात शिरायचा. औत फिरवायला अडचण, जमीन वाया, शिवाय खर्चाची वसुली शेतकऱ्याकडून. अनेक ठिकाणी लोकांनी ते बांध नांगरून टाकले. कुणाला विचारले नव्हते, त्यामुळे ते राखण्याची जबाबदारीही कुणाला आपली वाटली नाही.

१९७२ च्या दुष्काळाने या कामाचा आकारच बदलला. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. रस्ते, खडी, पाझर तलाव, नाला बांध. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. या कामांनी लाखो घरे जगवली, हे कधीच विसरता कामा नये. पण तलाव कुठे घ्यायचा हे ठरवताना मजूर कुठे आहेत ते आधी पाहिले जायचे, पाणी कुठून कुठे जाते ते नंतर. खाली तलाव आणि वरचा डोंगर उघडा, असे झाले की दोन-चार पावसाळ्यांत गाळच साठणार.

याच दुष्काळात पुण्यातले उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात हिंडत होते. नायगावच्या देवस्थानाची ४० एकर माळजमीन त्यांनी खंडाने घेतली आणि तिच्यावर पडणाऱ्या पावसावर तिथे काय उभे राहू शकते ते करून दाखवले. त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत धाडसी विचार हाच, कारण त्यांनी बंधाऱ्याआधी वाटपाचा प्रश्न घेतला. पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनालाही हक्काचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजना एकट्याची नाही, गटाचीच, आणि खर्चाचा २० टक्के वाटा गटाने उचलायचा. ज्या राज्यात विहिरीचे पाणी म्हणजे विहीर ज्याची त्याचे, तिथे हे नियम माणसांनी आपसांत बसून मान्य केले, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याच सुमारास, १९७५ मध्ये, अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले. तिथले पहिले मोठे काम नवे नव्हतेच; गावचा गळका पाझर तलाव गावकऱ्यांनी श्रमदानाने दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी दिसू लागले. मग बाकीची कामे आली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या आडगावात मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने ऐंशीच्या दशकात अख्खे पाणलोट क्षेत्र एकत्र धरून काम केले. १९८३ मध्ये राज्य सरकारनेही सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम हाती घेतला आणि ‘माथा ते पायथा’ हे सूत्र खात्याच्या कागदांवर आले.

माथा ते पायथा म्हणजे आधी डोंगरावर चर आणि झाडे, मग उतारावर बांधबंदिस्ती, ओघळींत दगडी बांध, आणि शेवटी नाल्यावर बंधारा. ऐकायला सरळ आहे. पण माथ्यावर कोण असते? शेळ्या-मेंढ्या चारणारे, सरपण गोळा करणाऱ्या बाया, ज्यांना जमीन नाही किंवा खडकाळ तुकडाच आहे असे लोक. आणि पायथ्याला? विहिरीवाले, काळ्या जमिनीचे मालक. डोंगरावर चराईबंदी केली की झळ वरच्यांना पहिल्याच वर्षी बसते, आणि पाणी वाढते ते खालच्यांच्या विहिरीत. पाणलोटाच्या कामात लोकांना एकत्र बसवावे लागते ते या गणितामुळे. मेंढपाळाशी बोलल्याशिवाय घातलेली चराईबंदी रात्रीच्या अंधारात मोडते, आणि त्यात मेंढपाळाचे चुकते असे मला वाटत नाही.

हे गणित कार्यक्रमाच्या रचनेतच धरले गेले ते इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, जिल्ह्यात अनेक वर्षे काम केलेले स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी त्याचा पाठपुरावा केला. जर्मनीचे अर्थसाहाय्य, नाबार्ड या शेती व ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेची देखरेख, आणि गावांना तयार करण्यासाठी १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी स्थापन केलेली ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था. निवड होण्याआधी गावाने श्रमदान करून दाखवायचे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी ग्रामसभेत ठरवायची. आधी छोटा तुकडा, तो जमला तर उरलेले क्षेत्र. काम करणारी समिती गावाची, तिच्या सोबतीला स्थानिक संस्था, आणि बायकांची वेगळी संयुक्त महिला समिती.

यातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. आराखडा कार्यालयात बसून न करता गट नंबरवार रानात उभे राहून करायचा, आणि त्या वेळी नवरा-बायको दोघांनीही शेतात हजर राहायचे. माती किती खोल आहे, पाणी कुठून शिरते, बांध कुठे फुटतो, कुठले झाड ठेवायचे, हे ते दोघे सांगणार. तांत्रिक माणूस उपाय सुचवणार. आणि त्यांच्या संमतीनेच तो आराखड्यात चढणार. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी नांगरून टाकलेल्या बांधांना दिलेले हे उत्तर होते. जालन्याजवळचे कडवंची हे गाव याच कार्यक्रमातून पुढे आले आणि द्राक्षांसाठी नावाजले गेले.

केंद्रानेही हनुमंत राव समितीच्या शिफारशींवरून १९९५ पासून पाणलोटाची कामे साधारण ५०० हेक्टरच्या क्षेत्रावर, गाव समितीमार्फत करायचे ठरवले, आणि लोकसंघटन व प्रशिक्षण यांसाठी वेगळा पैसा ठेवला. २००३ च्या ‘हरियाली’ मार्गदर्शक सूचनांनी सूत्रे ग्रामपंचायतीकडे दिली, २००८ मध्ये समान मार्गदर्शक सूचना आल्या, २०१५ नंतर सगळे प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेत गेले. नावे बदलत राहिली.

खरा पुढचा टप्पा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने गाठला. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथे आदर्श गाव योजनेतून कामे झाली, पण गाव तिथे थांबले नाही. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस-केळी लावायची नाही, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा. पाऊस कमी झाला तर रब्बीचे क्षेत्र कमी. अडवलेले पाणी खर्च कसे करायचे हा साळुंख्यांचाच प्रश्न गावाने पुन्हा हाती घेतला.

२०१४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने दरवर्षी ५,००० गावांचे लक्ष्य ठेवले आणि अनेक खात्यांचा पैसा एकत्र केला. वेग प्रचंड होता. मात्र कित्येक ठिकाणी भर नाला खोलीकरणावर आला, माथा राहिला. त्यावर उच्च न्यायालयात याचिका झाली, माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि २०२० मध्ये कॅगनेही भूजल वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम झाला नसल्याचे म्हटले.

त्याच काळात आमिर खान यांच्या पानी फाउंडेशन या संस्थेने दुसरी, म्हणजे लोकांना शिकवण्याची, बाजू धरली. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून गावांसाठी जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत गेली. गावाने निवडलेल्या बाया-माणसांना निवासी प्रशिक्षण मिळायचे. त्यातले हायड्रोमार्कर आठवा: मापाची पट्टी लावलेल्या दोन काठ्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, नळीत पाणी. एक जण काठी घेऊन जागेवर उभा, दुसरी उतारावर पुढे-मागे सरकते. दोन्हीकडचे पाणी एकाच आकड्यावर आले की ती जागा समपातळीत. तिथे फक्की टाकायची, पुढे जायचे. अशा खुणांतून चराची रेषा डोंगरावर उमटते, आणि ती कुठल्या साहेबाने नाही, शाळा अर्धवट सुटलेल्या बाईने आखलेली असते. नियम ठरावीक होते, गुण ठरलेले होते, श्रमदान पूर्ण करणाऱ्या गावांना भारतीय जैन संघटनेने यंत्रे दिली, १ मे रोजी शहरांतून हजारो जलमित्र, म्हणजे स्वयंसेवक, टिकाव-फावडे घेऊन पोचले. प्रबोधन म्हणजे कामाची जाहिरात नव्हे, तो कामाचाच भाग आहे, हे इथे मोठ्या प्रमाणावर दिसले.

आताचा पेच जमिनीखालचा आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्ट खडकाचा. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत जे काही मावते तेवढेच पाणी, आणि ते थर गावाची शीव पाहून थांबत नाहीत. वरच्या गावाने चर खणावेत आणि खालच्या गावाने नव्या बोअरने ते पाणी उपसावे, हे घडते आहे. २००९ च्या राज्य भूजल कायद्यात यासाठीच पाणलोट क्षेत्र पातळीवरच्या समितीची आणि पाणी पाहून पीक ठरवण्याची तरतूद आहे. अटल भूजल योजनेने निवडक तालुक्यांत गावांना आपल्या विहिरींची पातळी स्वतः मोजायला लावली. पण एका गावाची ग्रामसभा शेजारच्या गावाच्या विहिरींबद्दल ठराव करू शकत नाही. त्यासाठी तीन-चार गावांच्या बचत गटांनी, मेंढपाळांनी, विहिरीवाल्यांनी एका ठिकाणी बसावे लागेल, आणि तशा बैठका अजून थोड्याच खोऱ्यांत सुरू झाल्या आहेत.