मीठ शिंपडून लव्हाळा जात नाही

बंद घराच्या परसात लव्हाळा माजला की एक सल्ला हमखास मिळतो: जाडं मीठ आणि व्हिनेगर शिंपडा, तण मुळासकट जाईल. असं होत नाही. व्हिनेगरने वरची पाती तेवढी करपतात. लव्हाळ्याचा जीव जमिनीखालच्या गाठींत असतो. खुरप्याने एक रोप हलकेच उकरून पाहा: दोऱ्यासारख्या मुळाला काळपट गाठ, तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. मोडली की नागरमोथ्याचा (लव्हाळ्याच्या गाठींचाच) उग्र वास येतो. पाती गेली तरी या गाठी पुन्हा फुटतात.

मीठ मात्र मातीतच राहतं. त्यातल्या सोडियममुळे चिकणमातीची घडण मोडते, वाळल्यावर ती दगडासारखी घट्ट होते आणि शेजारच्या जास्वंदीची पानं कडेने जळू लागतात. वर्षानुवर्षं पाण्यावाचून तग धरलेलं झाड असं आपल्याच हातून जावं, याचं फार वाईट वाटतं.

एप्रिल-मेमध्ये जमीन खणा, गाठी वेचा, उरलेल्या गाठी उन्हात वाळू द्या. पावसाळ्यात कोवळे कोंब दिसताच काढत राहा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही, म्हणून मोकळ्या जागेत चवळी किंवा रताळ्याचे वेल दाट लावा. एका हंगामात हे उरकत नाही. दोन-तीन वर्षं धरूनच चाला.