दारावरची फिकी पट्टी

घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बनवलेल्या माझ्या पहिल्या कपाटाच्या दारावर काही महिन्यांनी एक पट्टी दिसू लागली. दार सागवानी, चारी बाजूंनी चौकट, मध्ये रुंद फळी, वर पॉलिशचे तीन हात. त्या फळीच्या डाव्या कडेला, चौकटीला अगदी लागून, वरपासून खालपर्यंत चार मिलिमीटरची फिकट रेघ. बोट फिरवलं तर खरखरीत, कोरं लाकूड लागलं. पॉलिश करताना ही जागा राहून गेली म्हणावं, तर तेव्हा ती नव्हतीच. चौकटीच्या खाचेत दडलेली फळीची कड आता बाहेर सरकली होती. उजव्या कडेला मात्र असं काहीच नाही. हे उजवं-डावं कोडं सुटायला मला बराच वेळ लागला.

लाकूड एकदा वाळलं की विषय संपला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते कधीच कायमचं वाळत नाही. ताज्या कापलेल्या झाडात पाणी दोन ठिकाणी असतं. एक पेशींच्या पोकळीत आणि दुसरं पेशींच्या भिंतींमध्ये मुरलेलं. पोकळीतलं पाणी निघून गेलं की लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. पेला रिकामा झाला म्हणून लहान होत नाही, तसंच. खरी गंमत भिंतींतल्या पाण्याची. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के पाणी भिंतींमध्ये मावतं. ओल त्याखाली उतरली की लाकूड आक्रसायला लागतं, आणि पुन्हा वर चढली की फुगायला.

या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म धाग्यांच्या असतात आणि सेल्युलोजला पाण्याची भारी ओढ. हवेतली वाफ या धाग्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारते. काड्यांची मोळी डोळ्यांसमोर आणा. काड्यांच्या मध्ये काही कोंबत गेलात तर मोळी जाड होईल, लांब होणार नाही. भिंतींतले बहुतेक धागे खोडाच्या उंचीच्या दिशेनेच, थोडेसे तिरके, मांडलेले असतात. म्हणून लाकूड रुंदीत हलतं, लांबीत जवळपास नाहीच.

हिरवं सागवान पूर्ण शुष्क होईपर्यंत वाढीच्या वलयांच्या अंगाने सुमारे ५.८ टक्के आक्रसतं. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. लांबीत हाच आकडा बहुतेक लाकडांत ०.१ ते ०.२ टक्के. आणि सागवान तर यातलं शहाणं लाकूड. कित्येक जातींमध्ये वलयांच्या अंगाचं आक्रसणं ८ टक्क्यांच्या आसपास असतं. फळ्या वाकतात त्यामागेही हाच दोन दिशांमधला फरक आहे. खोडाच्या कडेकडून सपाट कापलेल्या फळीची सालीकडची बाजू गाभ्याकडच्या बाजूपेक्षा जास्त आखडते, आणि फळी पन्हळीसारखी होते.

आता माझं दार. मधली फळी ३४० मिलिमीटर रुंद, सपाट कापाची. दार जोडलं तेव्हा हवा दमट होती. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास असली की लाकूड सुमारे १४ टक्के ओल धरून बसतं. ती चाळीस-पंचेचाळीसवर आली की सुमारे ८ टक्के. फरक ६ टक्क्यांचा. २८ टक्के ओल गेली तर ५.८ टक्के आक्रसणं, म्हणजे ६ टक्के गेली तर साधारण १.२४ टक्के. ३४० मिलिमीटरवर ते होतात ४.२ मिलिमीटर. पट्टी मोजली होती चार. शाळेतली त्रैराशिकं इतक्या वर्षांनी अशी कामी येतील असं वाटलं नव्हतं!

हे थोपवता येतं का? नाही. फुगणाऱ्या लाकडाचा जोर असा की स्क्रू, खिळे, गोंद त्याच्यापुढे हरतात, नाहीतर फळीच तडकते. पॉलिशने वाफेची ये-जा मंदावते, बंद होत नाही. त्यातही बाहेरून तीन हात आणि आतून काहीच नाही असं केलंत, तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि फळी वाकायला आणखी एक कारण मिळतं. आतली बाजू कोण बघतंय, हा विचार सोडा.

थोपवता येत नाही म्हणून सुतारांनी फार पूर्वीच त्याला जागा करून दिली. दाराला चौकट असते ती याचसाठी. चौकटीच्या पट्ट्या साठ-सत्तर मिलिमीटर रुंद. त्यांचं फुगणं-आखडणं मिलिमीटरभराच्या आत राहतं. दाराची उंची लाकडाच्या लांबीतून येते, ती जवळपास स्थिर. आणि जी रुंद फळी खरी हलते, ती खाचेत नुसती बसवायची, चिकटवायची नाही. खाच दहा मिलिमीटर खोल असेल तर फळी सातच मिलिमीटर आत, म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर मोकळे. कपाटाच्या वरची अखंड फळी स्क्रूने बसवताना खालच्या पट्टीतली भोकं लांबट करतात, तेही याच हिशोबाने. प्लायवूडला ही काळजी फारशी लागत नाही. त्यातले पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात आणि एकाच्या रुंदीतल्या हालचालीला शेजारच्याची लांबी धरून ठेवते.

मग उजव्या कडेला पट्टी का नाही? एका संध्याकाळी कागदाची पट्टी घेऊन बसलो. डावीकडच्या फटीत ती वरपासून खालपर्यंत अलगद सरकली. उजवीकडे खालच्या कोपऱ्याजवळ अडली. वरच्या कोपऱ्यातही तेच. चौकटीचे सांधे क्लॅम्पने आवळताना जास्तीचा गोंद खाचेत उतरला होता आणि फळीची उजवी कड त्याने धरून ठेवली होती. सगळं आक्रसणं डावीकडूनच झालं. डावे कोपरेही असेच चिकटले असते, तर फळी मधोमध उभी चिरली असती.

आता मी फळीला जोडणीआधीच पॉलिश करतो, कोपऱ्यांना मेण चोळतो म्हणजे गोंद धरत नाही, आणि वर-खाली ऐन मध्यावर एकेक छोटी खिळी मारतो, म्हणजे हालचाल दोन्हीकडे निम्मी-निम्मी वाटली जाते. त्या पहिल्या दाराला मात्र हात लावलेला नाही. हवा दमट झाली की पट्टी बारीक होत होत एखादा मिलिमीटर उरते. कोरडी झाली की पुन्हा चार.